कागदावर अठरा

रमाई जयंतीसाठी हार चार केले होते. बुद्धांना एक, बाबासाहेबांना एक, रमाईंना एक, आणि लहानसा एक आबांच्या फोटोला. आदल्या दिवशी आणलेली पांढरी शेवंती रोहिणीने सकाळी उठून ओवली होती. तीन हार चढले. चौथा तिच्या हातातच राहिला, कारण भिंतीवर आबा नव्हते. नुसता खिळा होता, आणि एकोणीस वर्षं उजेड न लागलेला भिंतीचा स्वच्छ चौकोन.

तोवर सासूबाईंनी त्रिसरण सुरू केलं होतं. पंचाहत्तरी गाठली तरी सुधाबाईंचा आवाज मुख्याध्यापिकेचाच होता. त्या म्हणायला लागल्या की मागे रेंगाळायची कोणाची टाप नव्हती. रोहिणीने हार ताटात ठेवला, हात जोडले आणि लेकीकडे पाहिलं. ऊर्जाचे हात जोडलेले होते, डोळे मात्र उघडे. ती आईकडेच बघत होती.

म्हणजे हिनेच.

देवदत्तचे डोळे मिटलेले होते. पंचशील संपून ते उघडेपर्यंत दोन-तीन मिनिटं हातात होती. तेवढ्यात काही सुचतंय का, हे रोहिणी पाहत राहिली. 

"फोटो कुठे गेला?" देवदत्तने उठता उठता विचारलं.

"आधी जेवून घेऊ या का?" रोहिणी म्हणाली. "अहो, वड्या गार होतील."

"माझ्या बॅगेत आहे," ऊर्जा म्हणाली.

सिद्धेश म्युनिकहून आला होता, गाडी पन्नास मिनिटं लेट झाल्याने भुकेला होता, आणि घरात धाकटा असल्याची सवय त्याला चाळिशी ओलांडली तरी सुटली नव्हती. त्याने उभ्यानेच एक सांबारवडी तोंडात टाकली. "वा, वहिनी! इतकी कोथिंबीर मिळाली कुठे? दादा, बस ना. फोटो पळून जात नाही. आबा पळणारे नव्हते."



"बॅगेत कशाला?" देवदत्त.

"गुरुवारी हायडेलबर्गला आमचा पथनाट्याचा प्रयोग आहे ना, पप्पा. मी सांगितलं होतं. बारा फेब्रुवारी, बालसैनिकांविरुद्धचा दिवस. लाल हातांचा. आम्ही नऊ जण युनिव्हर्सिटीच्या चौकात प्रोटेस्ट करतोय, शहराची परवानगी काढून. इथे जर्मनीतसुद्धा सतराव्या वर्षी आईबापाच्या सहीवर आर्मीत घेतात. अठराच्या आधी कोणालाच घ्यायचं नाही, कुठेच नाही, एवढंच आमचं म्हणणं."

"बरोबर आहे तुमचं म्हणणं. त्यात आबांचं काय काम?"

ऊर्जाने ताट हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. मराठीत भांडायची वेळ आली की ती आधी मनात वाक्य जुळवायची. वीस वर्षांची झाली तरी ते जुळवणं चेहऱ्यावर दिसायचं.

"आल्झो, म्हणजे असं. आमची ग्रेस आहे ना, युगांडाची, नर्सिंगमध्ये डॉक्टरेट करते. ती प्रयोग बसवतेय. ती अकरा वर्षांची असताना तिला शाळेतून उचलून नेलं होतं. बंदूक दिली होती. आम्हाला वाटलं, तीच मध्ये उभी राहणार. तर ती म्हणाली, मी अजिबात उभी राहणार नाही. प्रत्येक पोस्टरवर माझ्यासारखाच चेहरा असतो, तो बघून तुम्हाला रडू येतं आणि तुम्ही घरी जाता. आपापल्या घरात शोधा. तर योनासचा पणजोबा निघाला. पंधराव्या वर्षी विमानविरोधी तोफेवर होता. लेनाच्या आजीचा भाऊ, सोळा. नऊपैकी सात घरांत कोणीतरी निघालं, पप्पा. आठवे आबा."

"आबा बालसैनिक?" देवदत्त हळू आवाजात म्हणाला. तो आवाज खाली आणायचा तेव्हा घरातली सगळी सावध व्हायची.

"हो," ऊर्जा म्हणाली. "गेनाऊ. तेच."

*

देवदत्तला आबा, त्याच्या आईचे वडील, आठवायचे ते अंगणात उकिडवे बसलेले. नागपुरात, इंदोरा वस्तीतल्या घरात, रविवारी सकाळी समोर बूट, डब्यातलं काळं पॉलिश, आणि जुन्या गंजीफ्रॉकची चिंधी. नातवाला शेजारी बसवून ते एकच गोष्ट सांगायचे. पलटणीतून पहिल्यांदा सुटीवर आलो, गावात शिरलो, पायात हे असे बूट. गावातल्या ज्या रस्त्यावर आपल्या माणसाने वहाणा हातात घेऊन चालायचं, त्या रस्त्याने बूट वाजवत गेलो. दोन्ही बाजूंना माणसं ओट्यावर बसलेली. एकाने तोंड उघडलं नाही.

सोळाव्या वर्षी, दोन वर्षं वाढवून सांगून, स्वतःच्या पायाने चालत जाऊन भरती झालेला माणूस. पुढे हवालदार झाला. मुलींना शिकवलं. हे सगळं देवदत्तला पाठ होतं, आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जर्मन सहकारी आपापल्या आजोबांबद्दल बोलता बोलता गप्प व्हायचे, तेव्हा तो एकटाच होता ज्याला आजोबांबद्दल मान वर करून बोलता यायचं.

"काय लिहिलंयस त्यांच्याबद्दल?" त्याने विचारलं.

ऊर्जाने फोन पुढे केला. जर्मनमध्ये आठ-दहा ओळी होत्या. त्याने एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय? ऑप्फर?"

"म्हणजे... ज्याच्यावर अन्याय झालाय तो. बळी."

"मला जर्मन येतं, ऊर्जा. तुझ्या जन्माच्या आधीपासून येतं. मराठीत याला बिचारा म्हणतात."

"बिचारा नाही म्हटलं मी."

"तेच म्हटलंयस. तुला माहितीये हा शब्द आबांच्या घरात चालत नव्हता? शेजारच्या बाई एकदा खिरीचं पातेलं घेऊन आल्या, म्हणाल्या, बिचाऱ्या पोरांना द्या. आबांनी खीर परत पाठवली. आम्ही बघत राहिलो, मी आणि हा सिद्धू, तोंडाला पाणी सुटलेलं."

"शेवया होत्या त्यात," सिद्धेश म्हणाला. "बेदाणे पण. मी अजून माफ केलं नाही."

"तू थांब रे. त्या माणसाला तू चौकात उभं करणार, आणि लोक येऊन च्‌ च्‌ करणार? उद्या ते फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतील. आपलीच माणसं विचारतील, हवालदार आत्मारामांच्या पणतीने हे काय मांडलंय? त्यांना कोणी पळवून नेलं नव्हतं. ते गेले. गेले म्हणून आपण इथे आहोत. त्या बुटांवर उभे आहोत आपण."

"पप्पा, तुम्ही फोटो कधी नीट बघितलाय?"

"एकोणीस वर्षं रोज बघतोय."

"मी स्कॅन केला. मोठा करून बघितला." तिने बॅगेतून फ्रेम काढली आणि टेबलावर वड्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "बाह्या बघा. आत दुमडल्यात. इथे टाचणी आहे, दिसतेय? कोट त्यांचा नाहीये. कोट कितीतरी मोठा आहे. आणि गळा बघा. कॉलरमध्ये अजून एक गळा मावेल."

सगळे वाकून बघू लागले. रोहिणीही. तिने त्या फोटोला किती हार घातले होते. बाह्यांकडे कधी पाहिलं नव्हतं.

"वर्दी सगळ्यांनाच ढगळ असायची," देवदत्त म्हणाला. "साहेबाच्या मापाची."

"दादा, तिचं चुकत नाहीये काही," सिद्धेश म्हणाला. "सोळा म्हणजे पण अठराच्या आतच की. आणि योनासचा पणजोबा चालतो तर आपला का नाही? मला तर आवडली आयडिया."

"तुला सगळंच आवडतं. आई, तू सांग हिला काहीतरी."

सुधाबाई भाताचा गोळा कालवत बसल्या होत्या. खात नव्हत्या.

"आजी," ऊर्जा त्यांच्याकडे वळली. "आत्ताच तू म्हणालीस. आम्ही तुझ्या मागून म्हटलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. मग सांग ना, आबा सोळा वर्षांचे होते?"

*

सुधाबाईंचा जन्म एक जूनचा. त्यांच्या यजमानांचा एक जूनचा. त्यांच्या दोन्ही बहिणींचा एक जूनचा. चार वर्षांपूर्वी इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत कागद तपासणाऱ्या बाईने चष्मा काढून विचारलं होतं, तुमच्याकडे सगळी मुलं एकाच दिवशी होतात का? देवदत्तला लाज वाटली होती. सुधाबाईंना हसू आलं होतं. कोणत्या तोंडाने सांगणार? मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच शेकडो पोरांच्या नावापुढे एक जून लिहिलं होतं. आई म्हणायची, मोठ्या पुरात झाला. बाप म्हणायचा, ज्वारी कापणीला होती. पुराची आणि ज्वारीची तारीख रजिस्टरात बसत नाही. एक जून लिहिलं की पोरगं वर्गात जाऊन बसे. त्या खोट्याचं त्यांना कधी ओझं वाटलं नव्हतं.

आबांच्याही कागदावर एक जून होता. एक जून एकोणीसशे चोवीस. तो मात्र शाळेत बसवायला लिहिला नव्हता.

"देवा, तुझा पहिला दात पडला तो आठवतो?" त्यांनी विचारलं.

देवदत्त चमकला. "त्याचं काय मध्येच?"

"आठवतो का?"

"आठवतो. आबांनी मला खांद्यावर उभं केलं आणि छपराच्या कवेलूवर फेकायला लावला. गल्लीतली पोरं गोळा केली होती. टाळ्या वाजवायला लावल्या."

"एवढा सोहळा कशाला, म्हणून मी हसले त्यांना. संध्याकाळी मला मागच्या दारी बोलावून घेतलं. म्हणाले, सुधे, माझी शेवटची दुधाची दाढ छावणीत पडली."



"टाकायला छप्पर नव्हतं," सुधाबाई म्हणाल्या. "तंबू होते. तंबूवर टाकली तर घरंगळून खाली आली. मग खिशात ठेवली. घरी गेल्यावर कवेलूवर टाकू म्हणून. दोन दिवसांनी खिसे तपासायला वरचा माणूस आला. त्याच्या हाताला लागली. म्हणाला, अठरा वर्षांच्या जवानाच्या दुधाच्या दाढा पडत नसतात. कोणी बघितलं तर तूही घरी आणि मीही घरी. गिळून टाक."

"आणि?" रोहिणीने विचारलं.

"गिळली. तेरा वर्षांचे होते. आत्याबाई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, त्यांनी मला नंतर हिशेब लावून सांगितलं. तेरा. अंगाने ताडमाड होते म्हणून खपले. पुढच्या उन्हाळ्यात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होते."

देवदत्त घोटभर पाणी प्यायला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू बुटांचीच गोष्ट मागायचास. त्यांनाही तीच सांगायला आवडायची."

मग जे झालं ते सुधाबाईंना अपेक्षित नव्हतं. सिद्धेश उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाठ फिरवून म्हणाला, "हे चौकात सांगायचं नाही, आई."

"काका! तूच म्हणालास, आवडली आयडिया!"

"तेव्हा ते सोळाचे होते. तेव्हा ती एक स्टोरी होती, ऊर्जा. हे... हे आपलं आहे. घरातलं. फाशिंगची सोंगं घेऊन बीअर पीत फिरणाऱ्या लोकांना नाही सांगायचं हे. दादा बरोबर बोलतोय."

"मी सांगायलाच पाहिजे म्हणेन," रोहिणी म्हणाली.

चौघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ ती नवऱ्याच्या बाजूने आहे, असंच सगळे धरून चालले होते, तीही.

"तेरा वर्षांची असताना ही शाळेच्या सहलीला गेली, तेव्हा बॅगेत तळाशी कापडी ससा लपवून नेला होता. मला माहीत नाही असं तिला अजून वाटतं."

"मामा!" ऊर्जा, जर्मन मुलीने आईला हाक मारावी तशी, किंचाळली.

"तेरा म्हणजे काय, ते मी बघितलंय. अहो, तुम्हीही बघितलंय. हे घरातलं कसं? घरातल्या कोणी केलं का हे?"

देवदत्त उठला. फ्रेम उचलली, खिळ्याला टांगली, सरळ आहे का पाहिलं. ताटातला चौथा हार घेतला आणि फोटोला घातला.

"हा फोटो आबांनी माझ्या हातात दिला होता," तो म्हणाला. "माझ्या घरातून तो बाहेर जाणार नाही. मला जे माहीत नव्हतं ते आज कळलं. तरीपण लोकांनी त्यांना बिचारा म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही."

"ठीक आहे," ऊर्जा म्हणाली.  "फोटो ठेवा. मी रिकाम्या हाताने जाईन. पण जाईन."

मग ती आजीकडे वळली. "तू येशील?"

"येईन," सुधाबाई म्हणाल्या. "बोलेन का, ते तिथे गेल्यावर बघू."

*

गुरुवारी हायडेलबर्गच्या गाडीत फाशिंगचा, म्हणजे सोंगांच्या सणाचा, दंगा होता. एका डब्यात सहा मधमाश्या, दोन नन, आणि गळ्यातला टाय अर्धा कापून घेतलेला एक लाजरा कारकून. बायकांनी पुरुषांचे टाय कापायचा तो दिवस. सुधाबाईंनी रोहिणीला विचारलं, "हे नेहमीच असतं का गं?" आणि सगळं समजावून घेतलं. मग म्हणाल्या, "बरंय. एक दिवस तरी."

चौकात एक टेबल होतं. टेबलामागे टोपी घातलेला योनास, हातात शिक्का. समोर रांगेत सात मुलं, प्रत्येकाच्या अंगावर मोठ्या माणसाचा जाड कोट, बाह्या हातांच्या खाली लोंबणाऱ्या. मागे दोरीवर पांढरी चादर आणि खाली लाल रंगाची परात. ग्रेस बाजूला, ठेंगणी, जाड लोकरीच्या टोपीत, हाताची घडी घालून उभी होती. गर्दी शंभर-सव्वाशेची असेल.

ऊर्जा रांगेत शेवटची होती. पुढचे एकेक जण टेबलाशी जात होते आणि तिला ते सगळं लांबून ऐकू येत होतं. नाव? वय? कागदावर अठरा. शिक्का. मग कोट काढून गर्दीकडे वळायचं, फोटो वर धरायचा आणि खरं वय सांगायचं. पंधरा. सोळा. चौदा. मग योनासचा शेवटचा प्रश्न: सही कोणाची? गावच्या पुढाऱ्याची. मास्तरांची. आईची. लेना "आईची" म्हणाली तेव्हा गर्दीतली चुळबुळ थांबली.

तिची पाळी आली. तिने कोट काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या माणसाचा फोटो घरी आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "घरच्यांना तो इथे नको होता. त्यांचा तो हक्क आहे. पण त्यांची मुलगी इथे आली आहे. प्रश्न तिला विचार. मी भाषांतर करते."

हे ठरलेलं नव्हतं. योनासने ग्रेसकडे पाहिलं. ग्रेसने मान हलवली.

लांब कोट, खाली साडीचा काठ, त्याखाली बर्फातले बूट अशा सुधाबाई रोहिणीचा हात सोडून पुढे आल्या. शाळेच्या तपासणीला साहेब आल्यावर ज्या चालीने त्या व्हरांड्यातून चालत, तीच चाल होती.

"नाव?" योनासने विचारलं.

"आत्माराम."

"वय?"

"तुमच्या कागदावर अठरा. खरं तेरा."

ऊर्जाने भाषांतर केलं. तिचा आवाज नीट निघाला.

"सही कोणाची?"

हे घरी कोणी विचारलं नव्हतं. सुधाबाई थांबल्या. थंडीत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"सही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांच्या वडिलांनी, अंगठा दाबला."

यातला एकेक शब्द ऊर्जाला येत होता. "सही नाही," तिने जर्मनमध्ये सांगितलं. "त्यांच्या वडिलांनी अंगठा दाबला." डाउमेन गेड्र्युक्ट.

गर्दीत हसू फुटलं. मोठं नाही, एक मधमाशी हसली, तिच्या शेजारचा हसला, मग आणखी चार-पाच जण. शब्द तोंडातून सुटताक्षणी ऊर्जाला कळलं होतं. जर्मनमध्ये अंगठा दाबणं म्हणजे शुभेच्छा देणं. परीक्षेला निघालेल्या पोराला आई म्हणते तसं: जा, मी अंगठा दाबून बसते. तेरा वर्षांच्या मुलाला बापाने युद्धासाठी शुभेच्छा दिल्या, असं तिने शंभर लोकांना सांगितलं होतं. बरोबर शब्द कुठेतरी होता. तो येत नव्हता. आजी तिच्याकडे पाहत होती, लोक का हसले ते विचारत होती, आणि तो शब्द येत नव्हता. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी जर्मनमध्ये 'नाही' म्हणून ओरडलं.

"नाइन!"

*

देवदत्त कारंज्यापाशी अर्ध्या तासापासून उभा होता. आईला या थंडीत उभं करू नका म्हणून सांगायला, तिला गाडीत घालून घरी न्यायला आलोय, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच राहिलं होतं. सिद्धेशचा सकाळी मेसेज आला होता, "दादा, तू जाणार का?" आणि त्याने उत्तर दिलं नव्हतं.

मग आई म्हणाली, सही नाही. अंगठा.

स्वतःच्या पायाने चालत गेले, हे तो पंचेचाळीस वर्षं सांगत आला होता. खरं तर त्यांचं बोट धरून कोणीतरी नेलं होतं. न वाचता येणारा एक माणूस, पोराला शेजारी उभं करून, शाईत बोट बुडवून. आणि हे लोक हसत होते.

"नाइन!" तो पुन्हा ओरडला आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेला. ऑफिसात वाक्य तीनदा तपासून बोलणारा देवदत्त व्याकरणाचा विचार न करता जर्मन बोलत होता. "शुभेच्छा नाहीत. ठसा! अंगठ्याचा ठसा. त्या माणसाला सही येत नव्हती. त्याला शाळेची पायरी चढू दिली नव्हती. कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. ज्याला वाचता येत होतं तो टेबलाच्या त्या बाजूला बसला होता."

मधमाशीने तोंडावर हात ठेवला. योनास शिक्का धरून तसाच बसला होता.

"पप्पा," ऊर्जा पुटपुटली.

"काय सांगितलंस रे त्यांना?" सुधाबाईंनी विचारलं.

"खरं ते."

"मग अर्धवट कशाला सांगतोस? पुढचं पण सांग. घरात पाच भावंडं होती. पलटणीत दोन वेळा जेवायला मिळत होतं. कोणी फसवून नेलं नाही, आणि कोणी खुशीनेही गेलं नाही. अंगठा उपाशी माणसाचा होता. शाई सरकारची होती. सांग."

त्याने सांगितलं. एकेक वाक्य, थांबून थांबून. शाईचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून हळहळले. भला माणूस असावा. डोळे पाणावले होते त्यांचे.

"काय म्हणतात ते?" सुधाबाईंनी विचारलं.

देवदत्त म्हणाला, "म्हणतात, बिचारा पोरगा."

"त्यांना सांग, त्यांचं मन चांगलं आहे. पण बिचारा नाही. पोरगा होता, एवढंच. आम्ही इथे दया मागायला आलेलो नाही. जाब विचारायला आलोय. ज्याने अठरा लिहिलं त्याला. तेव्हाच्याला, आणि आत्ताच्यालाही."

त्याने तेही सांगितलं, म्हाताऱ्यांकडे पाहून, हळू आवाजात. त्यांनी मान खाली घातली, मग वर केली.  ग्रेसने हाताची घडी सोडली होती.

योनास गोंधळला होता. त्याच्या वहीत यापुढे शिक्का मारायचा असं लिहिलं होतं. त्याने शिक्का उचलला, कागदाकडे पाहिलं, पुन्हा खाली ठेवला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, कानांवर आलेली टोपी, नाक थंडीने लाल.

"आता काय करू?" त्याने ऊर्जाला हळूच विचारलं.

उत्तर देवदत्तने दिलं. त्याने टेबलावरचा कागद उचलून योनासच्या समोर सरळ करून ठेवला आणि आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"पुन्हा विचार," तो म्हणाला. "नावापासून. आणि या वेळी उभा राहून विचार."